क्रँकची लांबी आणि आपला पाय



सायकल घ्यायला दुकानात गेलो की आपण चाक किती इंची आहे ते विचारतो, रंग पाहतो, पुढे टोपली आहे का ते पाहतो आणि घंटी तर दोनदा वाजवतो. क्रँक किती लांब आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. दुकानदारालाही या प्रश्नाची सवय नसते. आम्हीसुद्धा गेल्या वर्षापर्यंत तो कधी विचारला नव्हता. गंमत म्हणजे तरफ शिकवताना दर वर्षी आम्ही फळ्यावर सायकलचे पायडलच काढत आलो आहोत.

आधी क्रँक म्हणजे काय ते पाहू. पायडल ज्या लोखंडी दांड्याच्या टोकाला फिरते तो दांडा म्हणजे क्रँक. दोन्ही बाजूंना एकेक असतो आणि दोघांच्या मध्ये एक आस असतो, त्याला आपल्या इंदूरचे कारागीर बी. बी. एक्सल म्हणतात. या मधल्या आसाच्या केंद्रापासून पायडलच्या आसाच्या केंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे क्रँकची लांबी. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर उत्तर चुकते, कारण दोन्ही बाजूंना थोडे लोखंड जास्तीचे असते. नव्या सायकलींवर क्रँकच्या आतल्या बाजूला, पायडलजवळ, १६५, १७० किंवा १७५ असा आकडा कोरलेला आढळतो. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकली याच दोन-तीन मापांत येतात. पाच फुटी माणसाला आणि सहा फुटी माणसाला चपला वेगवेगळ्या मापाच्या लागतात हे सर्वांना पटते, पण क्रँक मात्र दोघांना जवळजवळ एकच मिळतो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या सातवीतल्या एका विद्यार्थिनीमुळे. ती रामबागेतून सायकलने शाळेत येते. सायकल आत्याची, लेडीज, २६ इंची चाकांची, चांगली जपलेली. पावसाळा संपल्यावर ती गुडघा धरून जिना चढू लागली. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत होते. डॉक्टरांनी तपासले, सूज नाही, इजा नाही, काही दिवस सायकल बंद ठेवा म्हणाले. सायकल बंद केली की दुखणे थांबे, सुरू केली की आठवड्याभरात परत येई. घरी रिक्षा लावण्याचे ठरू लागले. वर्गात काही मुलांनी तिला ‘म्हातारी’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि खेळाच्या तासाला आमच्यापैकीच एकांनी “व्यायाम कमी पडतो तुला” असे तिला सांगितलेही होते. ती बिचारी रोज सात किलोमीटर सायकल चालवत होती!

आम्ही तिला सायकल घेऊन मैदानावर बोलावले. सीट अगदी खाली होती, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून मुद्दाम खाली केलेली. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि पुढून दुखतो, हे आम्ही वाचले होते. सीटची योग्य उंची काढण्याचा एक प्रसिद्ध हिशेबही ठाऊक होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा सायकलपटू १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकला. त्याच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो. पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणा, येईल तेवढे अंतर मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवा.

पायाची आतली लांबी म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर. ते मोजायची रीत सोपी आहे. चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, दोन पायांत पाच-सहा इंच अंतर ठेवायचे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक उभे धरून दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यावर जाणवेल इतके वर दाबायचे. पुस्तकाची एक कड भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे ते तिरके होत नाही. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजायचे. हे घरी आई, ताई किंवा भाऊ यांच्या मदतीने करावे. पँटच्या शिलाईचे माप घेऊ नये, ते नेहमी कमी भरते.

तिची लांबी ७० सेंटिमीटर भरली. ७० गुणिले ०.८८३ म्हणजे ६१.८. आम्ही पाना घेतला, सीट तेवढी वर केली आणि आपण फार शास्त्रीय काम केले अशा समाधानात घरी गेलो.

चार दिवसांनी ती परत आली. आता गुडघा मागच्या बाजूने दुखत होता.

ती सायकल चालवत असताना आम्ही मागून पाहिले. पायडल खाली गेले की तिची कंबर त्या बाजूला कलत होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाय पुरत नव्हता! हिशेब तर बरोबर होता, मग पाय का पुरू नये? याच प्रश्नावर आमचा अडाणीपणा उघडा पडला.

उत्तर असे. ०.८८३ चा हिशेब सीटपासून मधल्या आसापर्यंतचे अंतर देतो. पण पाय काही मधल्या आसावर टेकत नाही, तो पायडलवर टेकतो, आणि पायडल सर्वांत खाली असते तेव्हा आसाच्या खाली आणखी एक क्रँकभर अंतर असते. म्हणजे पायाला जे अंतर गाठायचे असते ते ६१.८ अधिक क्रँक. आम्ही क्रँक मोजला, तो १७ सेंटिमीटरचा निघाला. ६१.८ आणि १७ मिळून ७८.८. ही लांबी तिच्या पायाच्या ११२ टक्क्यांहून जास्त झाली. इंग्लंडमधील लफबरो येथे हॅम्ले आणि थॉमस या दोन संशोधकांनी १९६७ साली सीटची उंची तपासली होती. सीटच्या माथ्यापासून खालच्या पायडलपर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शंभराहून जास्त कसे, असे कोणी विचारेल. पायडल आपण टाचेने नाही तर चवड्याने दाबतो, आणि घोटा थोडा खाली झुकतो, म्हणून ते जमते. तिच्यासाठी १०९ टक्के म्हणजे ७६.३ सेंटिमीटर. आम्ही सीट अडीच सेंटिमीटर जास्त वर केली होती.

मग लेमाँडचा हिशेब चुकीचा आहे का? नाही. तो उंच सायकलपटूंसाठी बसवलेला आहे. ज्याचा पाय ८५ सेंटिमीटरचा आहे त्याची सीट ७५ वर येते, त्यात १७ चा क्रँक मिळवला की ९२, म्हणजे साधारण १०८ टक्के. तिथे दोन्ही हिशेब जुळतात. क्रँक पायाच्या प्रमाणात असेल, हे त्या सूत्राने गृहीत धरलेले आहे आणि ते गृहीतक सूत्रात कुठेही लिहिलेले नसते. गणितात सूत्र पाठ करताना ‘हे केव्हा लागू पडते’ ही ओळ गाळू नका, असे आम्ही वर्गात सांगतो. ती ओळ आम्हीच गाळली होती.

मग सीट अडीच सेंटिमीटर खाली घेतली की झाले, असे वाटेल. खालच्या बाजूचे दुखणे त्याने मिटते. पण आता वरची बाजू पाहा. पायडल सर्वांत खाली असते तेव्हा ते सीटपासून ७६.३ सेंटिमीटरवर आहे. सर्वांत वर येते तेव्हा ते दोन क्रँक जवळ येते, म्हणजे ३४ सेंटिमीटरने. उरले ४२.३. सत्तर सेंटिमीटरचा पाय ४२.३ च्या जागेत घडी करून बसवायचा, म्हणजे पायाच्या लांबीच्या ६० टक्के जागेत. आता ८५ सेंटिमीटर पायाच्या माणसाचा तोच हिशेब करा. १०९ टक्के म्हणजे ९२.७, वजा ३४, उरले ५८.७. त्याला ६९ टक्के जागा मिळते. तीच सायकल, तोच क्रँक, पण एकाचा गुडघा आरामात वाकतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ उकिडवे बसल्यासारखा दुमडतो. त्या दुमडलेल्या अवस्थेतूनच पायडल खाली दाबायला सुरुवात करायची असते. शाळेपर्यंतच्या प्रवासात हे शेकडो वेळा होते.

आम्ही हे मुलांना दुसऱ्या प्रकारे सांगितले. ७० सेंटिमीटरच्या पायाने १७० मिलिमीटरचा क्रँक फिरवणे म्हणजे ८५ सेंटिमीटरच्या पायाने २०६ मिलिमीटरचा क्रँक फिरवण्यासारखे आहे. तेवढा लांब क्रँक एखाद्या पहिलवानाच्या सायकलला लावा आणि त्याला शास्त्री ब्रिज चढायला सांगा, मग त्याला कोण म्हातारा म्हणते ते पाहू.

आता प्रश्न असा की, किती लांबीचा क्रँक योग्य? याची दोन उत्तरे आहेत आणि ती थोडी वेगळी आहेत. अमेरिकेत सायकली बांधणारे लेनर्ड झिन पायाच्या आतल्या लांबीच्या २१ ते २१.६ टक्के सांगतात. २००१ साली जेम्स मार्टिन यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही लांबी सुमारे २० टक्के निघाली. तो प्रयोग वाचण्यासारखा आहे. त्यांनी १६ सरावलेल्या सायकलपटूंना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिलिमीटर अशा पाच क्रँकवर पूर्ण जोर लावायला सांगितले. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब क्रँकवर ताकद कमी पडली, पण किती? सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट क्रँकमध्ये अंतर फक्त चार टक्क्यांच्या आसपास! म्हणजे नुसत्या ताकदीचा विचार केला तर क्रँक थोडा इकडेतिकडे झाल्याने प्रौढ माणसाचे फारसे बिघडत नाही. पण तो प्रयोग काही सेकंदांच्या जोराचा होता आणि प्रौढ खेळाडूंवर होता. रोज सात किलोमीटर जाणाऱ्या सातवीतल्या मुलीचा गुडघा त्यात नव्हता.

दोन्ही टोके धरून आम्ही हा कोष्टक केला. पहिला आकडा पायाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये, पुढे क्रँक मिलिमीटरमध्ये, २० टक्क्यांपासून २१.६ टक्क्यांपर्यंत.

६० : १२० ते १३०
६५ : १३० ते १४०
७० : १४० ते १५१
७५ : १५० ते १६२
८० : १६० ते १७३
८५ : १७० ते १८४
९० : १८० ते १९४

शेवटच्या ओळीतले क्रँक बाजारात सहज मिळत नाहीत. उंच माणसाला आखूड क्रँक मिळाला तर तो निभावून नेतो, सीट वर घेतो आणि चालू लागतो. ठेंगण्या माणसाला लांब क्रँक मिळाला तर तसे निभावता येत नाही. म्हणून आमचे मत असे की, शंका असेल तेव्हा आखूड बाजूचा क्रँक घ्यावा. शर्यतीतले लोकही आता तिकडेच वळले आहेत. १९९४ साली मिगेल इंदुराइनने तासाचा विक्रम केला तेव्हा त्याच्या सायकलला १९० मिलिमीटरचे क्रँक होते. तो खरोखरच उंच होता, सहा फुटांच्या वर. त्या काळी लांब क्रँक म्हणजे जास्त जोर अशीच समजूत होती. २०२४ साली ‘टूर द फ्रान्स’ जिंकताना तादेय पोगाचारने १६५ मिलिमीटरचे क्रँक वापरले. आधी तो १७२.५ चे वापरत असे.

‘लांब क्रँक म्हणजे जास्त जोर’ ही समजूत तरफेच्या धड्यातूनच येते, आणि धडा खोटा नाही. पण तरफेत जोर वाचला की अंतर वाढते, हे वाक्य त्याच धड्यात असते. आमच्या या सायकलवर हिशेब करू. १७० च्या क्रँकवर पायडलच्या वर्तुळाचा व्यास ३४० मिलिमीटर, परीघ ३.१४ ने गुणून सुमारे १०६८. म्हणजे एका फेरीत पाऊल १.०७ मीटर फिरते. टायरसह चाकाचा व्यास सुमारे ६५ सेंटिमीटर, परीघ २.०४ मीटर. पुढच्या चेनव्हीलला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. एका फेरीत सायकल ४.९९ मीटर पुढे जाते. पाऊल एक मीटर फिरले की सायकल ४.६७ मीटर जाते. क्रँक १५२ चा केला तर पाऊल एका फेरीत फक्त ०.९५५ मीटर फिरते आणि सायकल तेवढीच, ४.९९ मीटर जाते. प्रमाण ५.२३ झाले, म्हणून पायडल जड लागणार. पण मागचे फ्रीव्हील १८ ऐवजी २० दातांचे लावले तर एका फेरीत सायकल ४.४९ मीटर जाते आणि प्रमाण पुन्हा ४.७० वर येते. म्हणजे जोर गेला कुठेच नाही. क्रँकने जे घेतले ते दातांनी परत दिले. फक्त पाय थोडे भरभर फिरवावे लागतात, आणि लहान वर्तुळात पाय भरभर फिरवणे सोपे असते. (आठवीच्या मुलांनी हा हिशेब स्वतःच्या सायकलवर करावा. दात मोजताना एका दाताला खडूची खूण करा, नाहीतर दोनदा मोजले जातात.)

आता प्रत्यक्ष काम. आम्ही कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. आम्ही टक्केवारी समजावून सांगू लागलो तेव्हा त्यांनी दोन मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मतलब बच्चों वाला डालना है ना?” हो, तेवढेच होते. मुलांच्या २४ इंची सायकलीचा १५२ मिलिमीटरचा जोड त्यांच्या पेटीत होता. कोष्टकाप्रमाणे तिच्यासाठी १४० ते १५१ हवा होता, एक मिलिमीटर आम्ही सोडून दिला.

काही गोष्टी मात्र आधी पाहाव्या लागतात. साध्या सायकलीत क्रँक कॉटर पिनने आसावर बसतो. आसाची जाडी आणि पिनची जाडी नव्या क्रँकशी जुळली पाहिजे, नाहीतर क्रँक महिन्याभरात खुळखुळू लागतो. उजव्या क्रँकबरोबर चेनव्हीलही बदलते, म्हणून पुढचे दात आधी मोजून घ्यावेत आणि मगच मागच्या फ्रीव्हीलचा विचार करावा. सुदैवाने त्या जोडाचे चेनव्हील ४४ दातांचेच होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडवताना पाना नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा लागतो, हे न कळल्यामुळे आटे खराब झालेल्या किती तरी सायकली आम्ही पाहिल्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, क्रँक जितका आखूड केला तितकी सीट वर घ्यायची. १७ वरून १५.२, म्हणजे १.८ सेंटिमीटर. तिची सीट आता मधल्या आसापासून ६१.१ वर आली. लेमाँडच्या हिशेबाने ६१.८ आले होते, ते आठवा. क्रँक प्रमाणात आल्याबरोबर ते सूत्रही जवळजवळ बरोबर ठरले.

सीट वर गेल्याने एक अडचण येते, ती लपवून उपयोग नाही. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकत नाहीत, फक्त चवडे टेकतात. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहण्याची सवय करावी लागते. तिने ती शाळेच्या मैदानावर तीन दिवस केली, मगच आम्ही रस्त्यावर जाऊ दिले. ज्यांचा रस्ता फार गर्दीचा आहे त्यांनी सीट एखादा सेंटिमीटर खालीच ठेवावी. थोडा गुडघा जास्त वाकला तरी चालेल, पण ट्रकसमोर तोल जाता कामा नये.

पहिले दोन दिवस तिची तक्रार होती, “सर, पाय नुसते गरगर फिरतात, सायकल पळतच नाही.” तिसऱ्या दिवसापासून तक्रार थांबली. गुडघा पूर्ण बरा व्हायला महिना लागला. या काळात वरच्या टोकाला तिच्या पायाला ४२.३ ऐवजी ४५.९ सेंटिमीटर जागा मिळत होती, म्हणजे ६० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांच्या जवळ. पुलाच्या चढावर ती अजून उतरते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

हे क्रँकमुळेच झाले, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. आम्ही क्रँक बदलला, सीट बदलली आणि फ्रीव्हीलही बदलले, तिन्ही एकाच दिवशी. प्रयोगशाळेत कोणी असे केले तर आम्ही वहीवर लाल रेघ मारतो. पण गुडघा दुखणाऱ्या मुलीला ‘आता एक महिना जुना क्रँक लावून पाहू’ असे सांगणे आम्हाला जमले नाही. आणि एक जपून सांगतो, गुडघ्याला सूज असेल, रात्री दुखत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल तर पाना बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

पालकांसाठीही दोन शब्द. “वाढते अंग आहे, एक माप मोठी घेऊ” हा विचार शर्टाला चालतो. मोठ्या सायकलीची सीट खाली करता येते, हँडल वळवता येते, पण क्रँक मात्र तेवढाच राहतो. सायकल घेताना पट्टी बरोबर न्या, क्रँक मोजा, मुलाच्या पायाचे माप कागदावर लिहून न्या. दुकानदार हसला तर हसू द्या. मोठ्या भावंडाची किंवा नात्यातली जुनी सायकल मिळत असेल तर ती नाकारू नका, फक्त क्रँक बदलण्याचा खर्च धरून चला. नव्या सायकलीपुढे तो अगदी किरकोळ असतो.

काढलेले १७० चे क्रँक चाचांनी भंगारात टाकायला घेतले होते, ते आम्ही मागून घेतले. ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कॉटर पिनांसकट ते तिच्या घरी दिले आहेत. दर सहा महिन्यांनी भिंतीवर नवी खूण करायची असे ठरले आहे. पाय ७९ सेंटिमीटरच्या पुढे गेला की ती पुडी उघडायची.